‘स्क्रेपी-प्रूफ’ बोकड घ्यायचा का? धाराशिव जिल्ह्यातल्या एका गोठ्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण धाराशिव जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावातलं आहे. स्क्रेपी म्हणजे मेंढ्या-शेळ्यांच्या मेंदूचा एक जीवघेणा रोग, त्याचं पुढं सविस्तर येईल. गावाचं नाव, माणसांची नावं, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय, बाकी घडलं तसंच लिहितोय. मी त्या भागात जनावरांची प्रॅक्टिस करतो, आणि यात माझ्याही दोन चुका आहेत, त्या पण जागच्या जागी लिहिल्यात.

घर तीन भावांचं, एकत्र. जमीन अकरा एकर पण पाणी नाही, सोयाबीन आणि तूर, पाऊस लागला तर हरभरा. घर खरं चालतं शेळ्यांवर, आणि शेळ्या बघते सगळ्यात थोरली वहिनी, तिला अख्खं गाव आक्का म्हणतं, मी पण. सव्वीस माद्या, दोन बोकड, बाकी पाटी (म्हणजे तरुण माद्या) आणि करडं, सगळी उस्मानाबादी. ही जात आपल्याच मातीतली, लातूर, तुळजापूर, उदगीर या पट्ट्यातली, बहुतेक काळी कुळकुळीत, जुळी देण्यात पक्की, आणि उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा आणि तुरीच्या भुसकटावर तग धरणारी. आक्काच्या शेळ्या दिवसा ओढ्याकाठी चरायला जायच्या, संध्याकाळी गोठ्यात थोडा मका आणि शेवरीचा पाला. राखणीला दोन गावठी कुत्री.

घरातला धाकटा पुतण्या पुण्यात नोकरीला. तो पैसे घालायला तयार होता, गोठा वाढवायचा, शंभर माद्यांपर्यंत न्यायचा असं त्याच्या डोक्यात होतं. पोरगा हुशार, वाचणारा, आणि आक्काच्या शेळ्यांबद्दल त्याला खरंच माया. पुढं जे झालं ते त्याच्या मूर्खपणानं झालं असं कुणी वाचू नका, तो प्रश्न विचारत होता म्हणूनच शेवटी उत्तर सापडलं.

अडचण

चौदा महिन्यांत चार शेळ्या गेल्या. एकदम नाही, तीन-चार महिन्यांच्या अंतरानं एकेक. आधी मागचे पाय लटपटायचे, मग चालताना पाय नको तेवढा उंच उचलायच्या, मग कळपातून मागं राहायच्या, वाळत जायच्या आणि शेवटी खाली बसल्या की उठायच्याच नाहीत. खायला तोंडापुढं दिलं तर खात होत्या. ताप नाही, हगवण नाही, पीपीआर म्हणजे शेळ्यांच्या प्लेगची लस झालेली.

पहिल्या तिघींच्या वेळी मला बोलावलंच नव्हतं. चौथीच्या वेळी बोलावलं. मी बघितलं, मक्याचं प्रमाण जास्त वाटलं, त्यानं बी-वन व्हिटॅमिन कमी पडून मेंदूवर परिणाम होतो, म्हणून त्याची इंजेक्शनं दिली, मेंदूला सूज आणणारा लिस्टेरिया जंतू असेल तर म्हणून अँटिबायोटिक पण दिलं. पाच दिवस करून काही फरक नाही, सातव्या दिवशी शेळी मेली. आणि इथं माझी पहिली चूक, मी पोस्टमॉर्टेम केलं पण पोट-छाती उघडून बघितली, लिव्हर बघितलं, फुफ्फुस बघितलं, डोकं उघडलं नाही. कवटी फोडायला करवत लागते, संध्याकाळ झाली होती, पुढच्या गावात म्हैस अडली होती. लक्षणं सगळी डोक्याची आणि मी बघितलं पोट.

त्याच काळात आणखी एक गोष्ट चालली होती. गोठ्यातल्या दोन-तीन मोठ्या शेळ्या भिंतीला, खांबाला अंग घासत होत्या, पाठीवरचे आणि शेपटीजवळचे केस गेले होते. आक्का म्हणाली, "ती खाज येगळी हाय डॉक्टर, दर हिवाळ्यात येती." मी मान डोलावली आणि विसरलो.

पुतण्यानं मात्र दोन्ही गोष्टी जोडल्या. खाज, तोल जाणं, वाळत जाणं, ताप नाही, औषधाला दाद नाही. हे सगळं एकत्र करून त्यानं शोधलं आणि त्याला सापडला स्क्रेपी. खरं सांगायचं तर पुस्तकात स्क्रेपीचं वर्णन असंच आहे. मग त्याला एक व्यापारी भेटला, बोअर या परदेशी मटणाच्या जातीच्या क्रॉसची जनावरं विकणारा. त्यानं सांगितलं की आमच्याकडं स्क्रेपी-रेझिस्टंट लाइनचा बोकड आहे, जेनेटिक रिपोर्टसकट, नव्वद हजार. आणि सल्ला असा दिला की जुने दोन्ही बोकड काढा, घरच्या पाटी विका, हा एक बोकड लावा, दोन वर्षांत सगळा गोठा प्रूफ होईल. पुतण्यानं दहा हजार विसार पण दिला होता. रविवारी बोकड येणार होता आणि बुधवारी रात्री मला त्याचा फोन आला, "डॉक्टर, जुन्या बोकडांचं खच्चीकरण कधी करता?"

तिथून हे प्रकरण माझ्या हातात आलं.

आधी स्क्रेपी आणि त्याचा जेनेटिक प्रतिकार काय आहे ते

हे जरा लांबेल, पण हे कळल्याशिवाय पुढचा निर्णय कळणार नाही. आणि व्यापारी जे बोलला त्यातलं अर्धं खरं होतं, म्हणूनच ते धोक्याचं होतं.

स्क्रेपी हा मेंढ्या-शेळ्यांचा प्रायॉन रोग. युरोपात मेंढ्यांमध्ये अठराव्या शतकापासून माहीत आहे, शेळीत नैसर्गिकरीत्या झालेला रोग पहिल्यांदा १९४२ मध्ये फ्रान्समध्ये नोंदवला गेला. यात जंतू नसतो, विषाणू पण नसतो. शेळीच्या स्वतःच्या मेंदूत प्रायॉन नावाचं एक प्रथिन असतं, त्याची घडी चुकते, आणि चुकलेल्या घडीचं प्रथिन शेजारच्या चांगल्या प्रथिनाला पण तशीच चुकीची घडी घालायला लावतं. असं वाढत वाढत मेंदूत बारीक पोकळ्या पडतात, स्पंजसारख्या. स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये प्रायॉन हे नाव दिलं, १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. औषध नाही, लस नाही. वार, व्यायच्या वेळचं पाणी, चीक, दूध यातून पसरतो, मातीत वर्षानुवर्षं टिकतो, उकळून किंवा फॉर्मलिननं मरत नाही. १९३५ च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये मेंढ्यांची एक लस फॉर्मलिन वापरून बनवली होती आणि त्या लशीतूनच स्क्रेपी पसरला. माणसाला स्क्रेपी होतो असा पुरावा नाही.

आपल्याकडं काय? १९६१ मध्ये हिमालयाच्या पायथ्याच्या भागात मेंढ्यांमध्ये स्क्रेपीची नोंद झालेली आहे. म्हणजे भारतात हा शब्द उच्चारणं हास्यास्पद नाही. व्यापारी भेटायच्या आधी पुतण्यानं फोनवर पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी "असलं काही इकडं नसतं" म्हणालो, ती माझी दुसरी चूक. नसतं हे मला कसं माहीत, मी तर एकाही शेळीचं डोकं उघडून बघितलं नव्हतं.

आता प्रतिकार. प्रायॉन प्रथिन बनवण्याचा नकाशा एका जीनमध्ये असतो, पीआरएनपी. शेळीत हे प्रथिन २५६ अमिनो आम्लांच्या साखळीचं. त्या साखळीत ठरावीक जागी एक मणी बदलला तर चुकीची घडी पुढं सरकत नाही, किंवा फार अवघड होते. शेळीत दोन जागा महत्त्वाच्या. २२२ नंबरला नेहमीच्या ग्लुटामिनच्या जागी लायसिन आलं तर त्याला के २२२ म्हणतात. १४६ नंबरला अ‍ॅस्परॅजिनच्या जागी सेरिन आलं तर एस १४६, आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल आलं तर डी १४६. इटली, ग्रीस या भागातल्या शेळ्यांत के २२२ वर बरंच काम झालं, सायप्रसमध्ये स्क्रेपीनं शेळ्यांचा छळ मांडला होता तिथं १४६ वरच्या बदलांचं महत्त्व कळलं, अमेरिकेत बोअर शेळ्यांमध्ये एस १४६ सापडला. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेनं २०१७ मध्ये हे तिन्ही बदल नेहमीच्या स्क्रेपीला प्रतिकार देतात असं मत दिलं आणि २०२० मध्ये युरोपियन युनियननं नियम बदलला, म्हणजे रोग निघालेल्या कळपात आधी सरसकट सगळ्या शेळ्या मारायला लागायच्या, आता हे बदल असलेल्या शेळ्या वाचवता येतात. शेळीवाल्यांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे, पिढ्यानपिढ्या जपलेली जात एका दिवसात खड्ड्यात जात होती ती थांबली.

शेळीची आणखी एक चांगली बाजू म्हणजे यातला बदल आई-बापापैकी एकाकडून आला तरी बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. म्हणून बोकडाच्या या जीनच्या दोन्ही प्रतींत, आईकडच्या आणि बापाकडच्या, बदल असेल तर त्याच्या प्रत्येक करडाला एक प्रत मिळणारच. एकाच प्रतीत असेल तर निम्म्या करडांना. म्हणजे ‘एका बोकडानं गोठा बदलतो’ हे व्यापाऱ्याचं बोलणं हवेत नव्हतं.

पण दोन गोष्टी तो बोलला नाही. एक, हा प्रतिकार फक्त स्क्रेपीपुरता आहे, त्यातही नेहमीच्या प्रकारापुरता. १९९८ मध्ये नॉर्वेत सापडलेला असामान्य स्क्रेपी मेंढ्यांमधल्या सगळ्यात प्रतिकारक जनुकाच्या जनावरांना पण होतो. पीपीआर, देवी, आंत्रविषार, जंत, खरूज, यातल्या कशाशीच त्याचा संबंध नाही. आपल्याकडं ‘रोगप्रतिकारशक्ती’ म्हटलं की माणूस सगळंच त्यात धरतो. दोन, सगळे बदल सारखे नसतात. १४२ नंबरचा एक बदल असा आहे की शेळी आजारी पडते पण उशिरा पडते. उशिरा आजारी पडणं म्हणजे वाचणं नाही, उलट तोवर ती कळपात व्यायला लागलेली असते.

समोर कोणते पर्याय होते

गुरुवारी सकाळी आम्ही ओसरीवर बसलो. आक्का, तिचा नवरा अण्णा, मधला भाऊ, पुतण्या व्हिडिओ कॉलवर. पाचवी शेळी, सव्वा वर्षाची कबरी पाट, गोठ्यात बसून होती, दोन दिवस उठली नव्हती.

पहिला पर्याय, बोकड घ्यायचा. पुतण्याचं म्हणणं, विसार दिलाय, रिपोर्ट आहे, घरात रोग आहे, थांबायचं कशासाठी? मधल्या भावाचं म्हणणं दुसरं, सगळ्याच शेळ्या बाजारात काढायच्या, बकरी ईदपर्यंत बोकडांना भाव आहे, पैसे मोकळे करून म्हैस घ्यायची. यावर मी लगेच बोललो, कारण खरंच प्रायॉन रोग असेल तर ती जनावरं दुसऱ्याच्या गोठ्यात ढकलणं म्हणजे त्याच्या मातीत रोग पेरणं, आणि नसेल तर फुकटचं घर विकणं. तिसरा पर्याय मी ठेवला, घरच्या दोन बोकडांचे केस मुळासकट उपटून पीआरएनपी वाचून घ्यायचा, कदाचित आपल्याच बोकडात काही चांगलं असेल. यात वाईट काही नव्हतं, पण पाचवी शेळी का बसलीय याचं उत्तर यातून मिळणार नव्हतं.

चौथा पर्याय कुणालाच आवडणारा नव्हता. कबरीला त्रास न देता संपवायचं आणि तिचं डोकं उघडायचं.

मी वयाचा मुद्दा मांडला. आक्काला विचारलं, गेलेल्या शेळ्या किती वयाच्या होत्या? तिला सगळ्यांचे जन्म तोंडपाठ, कुणाची आई कोण, कोणत्या सणाला झाली. हिशोब केला तर आठ महिने, अकरा महिने, वर्ष, दीड वर्ष. स्क्रेपी आतल्या आत मुरायला वेळ घेतो, लक्षणं साधारण दोन ते पाच वर्षांच्या जनावरात दिसतात. आठ महिन्यांची पाट स्क्रेपीनं तोल जाऊन मरणं बसत नाही. मग विचारलं, खाजवणाऱ्या कोणत्या? त्या तीन-चार वर्षांच्या, दोन-दोन वेत झालेल्या, आणि त्यातली एकही मेली नव्हती, एकीचाही तोल गेला नव्हता.

म्हणजे खाज एकीला आणि तोल दुसरीला. दोन वेगळ्या आजारांची लक्षणं एका कागदावर लिहिली आणि त्यातून तिसराच आजार तयार झाला. मला वाटतं या प्रकरणातला खरा वळणाचा क्षण हा आहे, आणि तो आक्काच्या आठवणीमुळं आला, माझ्या शिक्षणामुळं नाही. तिनं ते आधीच सांगितलं होतं, खाज येगळी हाय म्हणून.

तरी कबरीचा निर्णय सोपा नव्हता. जुळ्यातली एक, बाटलीनं वाढवलेली. आक्का बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "ती उटायची न्हाई हे मला बी कळतंय. पर तिच्यानं बाकीच्या वाचत्याल का, तेवडं सांगा." मी वाचतीलच असं सांगितलं नाही. म्हणालो, काय चाललंय ते कळेल, एवढं नक्की. तिनं कबरीच्या तोंडापुढं शेवरीचा पाला धरला, तिनं तो खाल्ला, आणि आक्का उठून आत गेली.

तो कागद

कबरीकडं वळायच्या आधी पुतण्यानं रिपोर्टचा फोटो पाठवला. त्यावर तीन आकडे होते, १३६, १५४ आणि १७१, आणि पुढं लिहिलेलं एआरआर/एआरआर.

हे आकडे मेंढीचे आहेत. मेंढ्यांमध्ये स्क्रेपीचा प्रतिकार या तीन जागांवर बघतात आणि त्यातलं एआरआर हे सगळ्यात चांगलं. ब्रिटननं २००१ मध्ये आपल्या मेंढ्यांसाठी राष्ट्रीय योजना काढली ती याच आकड्यांवर. शेळीच्या रिपोर्टमध्ये आपल्याला बघायचंय १४६ आणि २२२. ते कागदावर कुठंच नव्हते. वर कानातल्या टॅगचा नंबर होता, व्यापाऱ्यानं पाठवलेल्या बोकडाच्या फोटोतला टॅग वेगळा.

व्यापाऱ्यानं फसवायला केलं की त्यालाच कुणीतरी दुसऱ्याचा कागद दिला, हे मला माहीत नाही आणि मी त्याच्यावर आरोप करत नाही. पुतण्यानं फोन करून दोनच प्रश्न विचारले, हा रिपोर्ट शेळीचा आहे का आणि १४६ ला काय आहे. उत्तर आलं, ते लॅबवाल्यांना माहीत. बोकड रविवारी आला नाही, विसारातले सहा हजार परत मिळाले, चार गेले.

जनावराचा जेनेटिक रिपोर्ट कुणी दाखवला तर आधी एवढं बघा की तो कोणत्या प्राण्याचा आहे, टॅग जुळतो का, कोणती जागा वाचलीय, आणि एक प्रत आहे की दोन. जीनवर निवड करणं ही काही परदेशी थाप नाही. आपल्या फलटणला नारी (निंबकर कृषी संशोधन संस्था) या संस्थेनं मेंढीतला जुळ्यांचा जीन दख्खनी मेंढीत आणून नारी सुवर्णा तयार केली, त्यात डीएनए टेस्ट करूनच जनावरं निवडतात. तिथं मेंढपाळाला कोकरांच्या रूपात ते दिसतं. प्रतिकाराच्या जीनचं तसं नाही, तो आहे की नाही हे शेळीकडं बघून कधीच कळत नाही, त्यामुळं कागदावरच विश्वास ठेवावा लागतो.

काय केलं

गुरुवारी दुपारी कबरीला संपवलं. हातमोजे, मास्क, गॉगल, खाली जुनी ताडपत्री. यावेळी करवत आणली होती.

कवटी उघडल्यावर वरचा मोठा मेंदू ठीक दिसला आणि मला वाटलं की आता पुतण्याचंच खरं ठरतं की काय. मग मागच्या बाजूला, लहान मेंदूत, लिंबाएवढी पाण्याची फोड. पातळ पारदर्शक पिशवी, आत स्वच्छ पाणी आणि आतल्या अंगाला तांदळाच्या कणीसारखे पांढरे ठिपके पुंजक्या-पुंजक्यानं. ते ठिपके म्हणजे कुत्र्याच्या पट्टकृमीची डोकी. याला गिड म्हणतात. कुत्र्याच्या आतड्यात हा जंत राहतो, अंडी विष्ठेतून गवतावर पडतात, शेळी ती खाते, आणि अळी रक्तातून मेंदूत जाऊन अशी फोड करते. ती फोड वाढायला महिने लागतात, वर्षं नाही, आणि रोगी जनावरं बहुतेक तरुण असतात.

गिड मला कॉलेजपासून माहीत. पण आमच्या डोक्यात गिड म्हणजे गरगर फिरणारी शेळी, मान एका बाजूला, एका डोळ्यानं आंधळी. फोड वरच्या मेंदूत असली की तसं होतं. लहान मेंदूत असली की शेळी फिरत नाही, तिचा तोल जातो आणि पाय उंच उचलून टाकते. आक्कानं मला हेच सांगितलं होतं, पाय उंच उचलते म्हणून, आणि मी मक्याचा विचार करत बसलो.

फोड सापडली तरी मी मेंदूच्या देठाचा तुकडा फॉर्मलिनमध्ये ठेवून तपासणीला पाठवला. एक आजार सापडला म्हणून दुसरा नाहीच असं होत नाही, आणि पुतण्याच्या प्रश्नाला तोंडी नाही तर काचेवरचं उत्तर द्यायचं होतं. बाकी शव चुन्यासकट खोल पुरलं.

मग विचारलं, पहिल्या तीन मेलेल्या शेळ्यांचं काय केलं होतं? अण्णा गप्प झाले. ओढ्याच्या पलीकडं टाकल्या होत्या, सगळं गावच टाकतं. घरची दोन्ही कुत्री तिथं जायची. म्हणजे मेलेल्या शेळीच्या डोक्यातली फोड कुत्र्यानं खाल्ली, कुत्र्यात जंत झाला, कुत्रं गोठ्यात मक्याच्या राशीवर झोपायचं, आणि पुढची शेळी त्याच राशीतून खायची. पहिली फोड कुठून आली ते सांगता येत नाही, गावात मोकाट कुत्री थोडी नाहीत. पण दुसरी, तिसरी, चौथी बहुधा घरातच तयार झाली.

दोन्ही कुत्र्यांना प्राझिक्वांटेल हे पट्टकृमीचं औषध दिलं, दोन दिवस बांधून ठेवून विष्ठा जाळली, आणि दर सहा आठवड्यांनी डोस ठरवला. गावात कंदुरी असली, घरी बोकड कापला की डोकं-आतडी कुत्र्याला कच्ची टाकायची नाहीत, हे सांगितलं. मक्याला झाकण असलेली कोठी केली. खाजवणाऱ्या शेळ्यांची कातडी खरवडून बघितली तर खरजेचे किडे निघाले, आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन, चौदा दिवसांनी परत, आणि त्यांचं दूध घरात घ्यायचं नाही. गोठ्याच्या भिंतींना चुना.

आणि मग बोकडाचा प्रश्न राहिलाच होता. जुन्या दोघांतला एक तीन वर्षं त्याच कळपात लागत होता, म्हणजे आता स्वतःच्याच लेकींना लागत होता. बदलायला हवाच होता, व्यापारी त्या बाबतीत चुकीचं बोलत नव्हता. लातूर जिल्ह्यातल्या एका ओळखीच्या गोठ्यातून उस्मानाबादी बोकड आणला, सतरा हजाराला, जुळ्यातला, आई दुधाला चांगली, आक्कानं स्वतः जाऊन त्याच्या आईची कास बघितली. महिनाभर वेगळा बांधला, जंताचं औषध, लस, मग कळपात सोडला. घरच्या पाटी एकही विकली नाही.

काय झालं

कबरीनंतर महिनाभरात आणखी एक पाट मान वाकडी करून एकाच दिशेनं फिरायला लागली. यावेळी आक्कानं पहिल्याच दिवशी फोन केला. कवटीवर अंगठा दाबला तर एका जागी हाड मऊ लागलं, म्हणजे आतली फोड वरच आहे. जागा सुन्न करून हाडाला भोक पाडून फोड बाहेर ओढली. दोन दिवस ती नुसतीच पडून होती, मला आशा नव्हती, तिसऱ्या दिवशी उभी राहिली. मान अजून जराशी कलती आहे, पण पुढच्या हंगामात तिनं एक करडू दिलं.

मेंदूच्या देठाचा रिपोर्ट यायला वेळ लागला. प्रायॉन रोगात दिसतात तशा पोकळ्या त्यात नव्हत्या. पुतण्याला मी तो जसाच्या तसा पाठवला आणि सोबत लिहिलं की हे एका शेळीबद्दल आहे, अख्ख्या गोठ्याबद्दल नाही.

त्यानंतर दीड वर्ष झालं, तोल जाऊन एकही शेळी गेलेली नाही. दोन करडं आंत्रविषारानं गेली, ती लस चुकल्यामुळं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या शेळीच्या वेळी डोकं उघडलं असतं तर निदान तीन शेळ्या वाचल्या असत्या असं मला वाटतं, आणि चौथीच्या वेळी ते माझ्या हातात होतं. आता गाडीत करवत कायम असते. लक्षणं मेंदूची असतील आणि करवत जवळ नसेल तर डोकं अख्खं बर्फात घालून नेतो, पण उघडल्याशिवाय सोडत नाही.

पुतण्याशी मी वेगळं बोलायला हवं होतं. "इकडं नसतं" या उत्तरानं माणूस गप्प बसत नाही, तो दुसरीकडं विचारतो, आणि दुसरीकडं विकणारा बसलेला असतो. त्याला पहिल्याच फोनवर विचारलं असतं की गेलेल्या शेळ्यांची वयं सांग, तर विसार गेला नसता.

एका गोष्टीबद्दल मला अजून ठरवता आलेलं नाही. घरच्या बोकडांचा पीआरएनपी वाचून घ्यायचा का? रोग नाही तर गरज नाही, असं आक्काचं म्हणणं, आणि त्या पैशात कोठी झाली हे खरंय. पण ज्या देशांत हा रोग शिरला तिथं त्यांना प्रतिकारक शेळ्या शोधायला धावपळ करावी लागली, काही जातींत तो बदल फार थोड्या जनावरांत होता, आणि त्या थोड्या जनावरांवरच निवड केली तर बाकीचे चांगले गुण गळतात ही भीती होती. उस्मानाबादीची जुळी, तिची काटकता, कडक उन्हात दूध टिकवणं, हे एका जीनमध्ये नसतं, ते अनेक घरांतल्या अनेक बोकडांत विखुरलेलं असतं. परदेशी लाइनच्या एका बोकडापायी ते काढून टाकायला आपण किती सहज तयार झालो होतो, याची मला आजही काळजी वाटते. रोग नसतानाच शांतपणे बघून ठेवलं की आपल्या जातीत काय आहे, तर निवड करायची वेळ आली तरी घाई होणार नाही.

पुतण्या दिवाळीला आला तेव्हा त्यानं दोन्ही बोकडांचे आणि दहा माद्यांचे केस मुळासकट उपटून वेगवेगळ्या कागदी पाकिटांत घातले. प्रत्येक पाकिटावर आक्का सांगेल तसं लिहिलं, कोणाची कोण, कोणत्या सणाला झाली. पाकिटं तांदळाच्या डब्याशेजारी कोरड्या कपाटात आहेत. त्याच कपाटाच्या दाराला आतून कुत्र्यांच्या डोसचं कॅलेंडर चिकटवलंय, आणि त्यावरच्या खुणा आक्काच्या हातच्या आहेत.